लिफ्टचा मिस्त्री आणि मी, प्लास्टिकचा मेंदू

होय मित्रांनो, मी मेंदूच आहे. पण प्लास्टिकचा, आणि आता बराच जुना. साच्यातून निघालो तेव्हा कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या एकेका भागाला निरनिराळा रंग दिला. पुढे कित्येक वर्षं मी कॉलेजच्या टेबलावर मिरवलो. विद्यार्थी मला सोडवायचे, जोडायचे, "काय सुबक आहे!" म्हणायचे. मग पडद्यावर हलणारी चित्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे धूळ खात पडलो. शेवटी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरबाईंनी मला आपल्या खोलीत आणलं.

तिथेच तो लिफ्टचा मिस्त्री आला. आला कसला, बायकोने धरून आणला! सोबत तिचा धाकटा भाऊ होता. दोघे मेहुणे एकत्रच काम करायचे.

"गांजाच तर आहे, दारू नाही," मिस्त्री म्हणाला. "म्हटलं तर आज सोडेन."

"मग सोडलात का नाही?" बायकोने विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूच्या पेशींवर बारीक दारं असतात. शरीर स्वतःच्या रसायनाने ती हलकेच उघडतं. गांजा मात्र त्यांच्यावर धडका देत राहतो. रोजच धडका बसल्या की पेशी दारंच आत ओढून घेतात. मग जेवण, गप्पा, कशातच गोडी वाटत नाही. माणूस पुन्हा ओढतो, तोही मजेसाठी नव्हे, नुसतं बरं वाटावं म्हणून." त्यांनी माझा पिवळा, वाकडा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "ही आठवणींची जागा. इथे अशी दारं पुष्कळ. म्हणून आत्ताचं आत्ता विसरायला होतं."

इतका वेळ मेहुणा मान खाली घालून बसला होता. "भाऊजी," तो म्हणाला, "त्या दिवशी मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो. तुम्हीच शिडी धरून मला उतरवलंत. मग वर गेलात आणि स्विच चालू केलात. लिफ्ट खाली आली. मी आडवा पडलो म्हणून वाचलो."

बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मिस्त्रीच्या हातून माझा तुकडा फरशीवर पडला आणि त्याला तडा गेला. खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या भावाचीच काळजी वाटत होती.

मिस्त्रीने गांजा सोडला. सोपं नव्हतं हो! झोप उडाली, घास उतरेना, घरात सगळ्यांवर खेकसायचा. एकदा रस्त्यात नुसता वास आला आणि पाय तिकडे वळले. दुसऱ्या दिवशी इथे येऊन ढसाढसा रडला. बाई रागावल्या नाहीत. "दारं हळूहळू परत येतात," म्हणाल्या, "पुन्हा सुरुवात करा."

परवा दोघे मेहुणे पुन्हा कामाला लागण्याआधी आले होते. मिस्त्रीने खिशातून नवं कुलूप काढलं.

"मुख्य स्विच बंद करून त्याला हे लावायचं. किल्ली घेऊन तू खाली उतरायचंस. मी मागितली, शिव्या दिल्या, तरी द्यायची नाही."

"असं काय करता भाऊजी? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माझा नाही ना अजून," मिस्त्री म्हणाला आणि किल्ली त्याच्या हातात कोंबली.

मित्रांनो, माझं काय, मी काही विसरलो तर कुणाचं बिघडत नाही. तुमच्या डोक्यातला मात्र जिवापाड जपा. तो विसरतो तेव्हा खाली खड्ड्यात कुणाचातरी भाऊ असतो.