बाटलीतली मेंढी

मेंढ्यांच्या देवीरोगावरची लस मंजुरीसाठी आली तेव्हा बाटलीत एक मेंढी होती, अंगठ्याएवढी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती रवंथ करत होती.

"जिवंत लस आहे, मेंढी असणारच," अध्यक्ष डॉ. खांडेपारकर म्हणाल्या. "ती बाहेर पडण्याची शक्यता किती आणि पडली तर नुकसान किती, एवढंच आपण ठरवायचं. विचारा, सोनटक्के."

समितीत आम्ही दोघंच होतो. खिडकीबाहेर अंगणात हौसाबाई धायगुडे कळप घेऊन उभ्या होत्या. शेजारच्या कळपात देवी आली होती. आजच लस टोचली नाही तर त्यांच्या मेंढ्या वाचणार नव्हत्या.

मी भीत भीत विचारलं, "दुबळा केलेला जंतू मेंढीच्या अंगात पुन्हा बळावेल का?"

बाटली तांब्याएवढी झाली. आतली मेंढीही त्या मानानं वाढली. बाहेर हौसाबाईंच्या मेंढ्या मांजरांएवढ्या झाल्या.

प्रश्न चांगला होता असं मला वाटलं. मग वाटलं, अपुरा होता. "आणि गाभण मेंढीला टोचली तर?"

बाटली रांजणाएवढी झाली. टेबल मोडलं. हौसाबाई सगळा कळप पदरात घेऊन खिडकीशी आल्या.

"इचारा सायेब, अजून इचारा! सकाळी कमरेला लागत व्हत्या. आता कोंबडी टिपून न्हेईल."

"कामकाजात बोलू नका," डॉ. खांडेपारकर म्हणाल्या. काचेनं त्यांना भिंतीशी दाबलं होतं, तरी आवाज नेहमीचाच होता. "सोनटक्के, शंका असेल तर मंजुरी देता येणार नाही."

शंका होतीच. लोकरीतून एक पिवळा डोळा माझ्याकडे बघत होता. त्यातली बाहुली आडवी होती. तिला आम्ही कसे दिसत असू, याचं मला फार कुतूहल वाटलं. पण मी विचारलं ते वेगळंच. "बर्फाची पेटी वाटेत उघडी राहिली तर?"

काच माझ्या गालाला टेकली. हौसाबाईंच्या तळहातावर जोंधळ्याएवढ्या मेंढ्या चरत होत्या.

तेव्हा मला सुचलं. लस देण्यातला धोका आम्ही मोजत होतो; न देण्यातला कुणी मोजलाच नव्हता.

"लस न देण्याचा धोका जास्त आहे," मी म्हणालो. "मंजूर करा."

"खात्रीनं सांगा."

खात्रीनं मी आजवर काहीच सांगितलं नव्हतं.

"जास्तच आहे," मी म्हणालो. आणि मग, राहवेना म्हणून, "नाही का?"

हौसाबाईंनी तळहात डोळ्यांजवळ नेला आणि श्वास रोखून धरला.