नानाजीने दान दिलेला पंप

मित्रांनो, मी कपाशीवर औषध फवारणारा एक जुना पंप आहे. माझी गोष्ट सुडाची आहे. ती ऐकून मला क्षमेचे धडे देऊ नका.

घाटंजीच्या बाजारातून एका मोठ्या शेतकऱ्याने मला विकत आणले. लोक त्याला 'नानाजी' म्हणून मान देतात. मी देणार नाही. माझे ओझे त्याच्या पाठीने कधी उचलले नाही. ते उचलले त्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्या डोमाजीने. माझा पट्टा डोमाजीच्या खांद्यात रुतायचा, म्हणून त्याच्या बायकोने, पंचफुलाने, आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा पट्ट्याला शिवून दिला. मला लाभलेली माया काय ती एवढीच.

एका फवारणीच्या हंगामात माझे झाकण चिरले. औषध डोमाजीच्या मानेवर ओघळू लागले.

"नानाजी, पंप गळून राह्यला," तो म्हणाला.

"आजच्या दिवस मार. उद्या नवा आणू," नानाजी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावर उभ्यानेच बोलला.

वारा समोरून होता. दिवस कलता कलता डोमाजी कोसळला. जीव वाचला, पण डोळे गेले. चौकशीला साहेब आले, तेव्हा नानाजीने सांगितले, "पंप त्याचाच होता. दारू पिऊन फवारत होता. त्याले मी काय करू?"

डोमाजीने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण दवाखान्यातून तो परतला, तो दारुडा ठरूनच. मला नानाजीने गोठ्यामागच्या भंगारात फेकले. तिथे उन्हात माझा निळा रंग उडाला. राग मात्र उडाला नाही.

वर्षे गेली. नानाजी आता डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याचा अध्यक्ष झाला होता. गरिबांच्या उपचारासाठी देणग्या जमवायच्या, म्हणून त्याने मैत्रेयी नावाच्या मूर्तिकार मुलीला शेतातल्या भंगारातून एक मोठी मूर्ती करायला सांगितली. ज्याने भंगार द्यायचे, त्याने अनावरणाच्या दिवशी आपल्या वस्तूची गोष्ट चार लोकांत सांगायची, असे ठरले. नानाजीनेही गाडीभर भंगार पाठवले. त्यात मी होतो, हे त्याच्या ध्यानातही नव्हते.

मैत्रेयीच्या शेडमध्ये भंगार धुवायला पंचफुला कामाला होती. पट्टा हातात येताच तिने आपल्या लुगड्याचा तुकडा ओळखला. मग तिने मैत्रेयीला सगळे सांगितले.

"मावशी, मी हे काम सोडून देते," मैत्रेयी म्हणाली.

"सोडू नको, माय. याले सगळ्याईले दिसन असं लाव. काय बोलाचं ते त्याच्याच तोंडून येऊ दे."

नांगराच्या फाळांच्या बरगड्या, सायकलच्या साखळ्यांचे हात, असा एक वाकलेला माणूस उभा राहिला. त्याच्या पाठीवर मी.

दवाखान्याच्या दारात अनावरणाला गाव लोटले. मैत्रेयीने त्याची वस्तू म्हणून मला दाखवले, तसा नानाजीने माझ्यावर हात ठेवला आणि तो छाती फुगवून म्हणाला, "हा पंप माह्या घरचा हाय. माह्याच शेतात चालला. आमच्या घामाची खूण हाय ही."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर पंचफुला डोमाजीचा हात धरून उठली. तिने आवाज चढवला नाही.

"नानाजी, साहेबाले तं तुम्ही सांगतलं होतं, का पंप डोमाजीचा होता म्हणून."

"तो पंप वेगळा होता," नानाजी चाचरला.

"मंग तुमच्या घरच्या पंपाले माह्या लुगड्याचा तुकडा काहून हाय?"

नानाजीने माझ्यावरचा हात काढून घेतला. मग मागून एक म्हातारा मजूर उभा राहिला. "डोमा पीत नव्हता. आमाले सगळ्याईले माहीत होतं. आमी बोललो नाही."

नानाजी मागच्या वाटेने निघून गेला. मित्रांनो, कबूल करतो, त्याची ती पाठ पाहून मला फार बरे वाटले.

त्याचे अध्यक्षपद गेले. मैत्रेयीने डोमाजीच्या अपघाताच्या फेरचौकशीसाठी अर्ज केला. त्याचे डोळे काही परत आले नाहीत, पण आता त्याला कुणी दारुडा म्हणत नाही. देणग्याही पुष्कळ आल्या. पुढे नानाजीने निरोप धाडला, की जुना पंप काढा, नवाकोरा पाठवतो. मैत्रेयीने उत्तरही दिले नाही.

आम्ही जुन्या वस्तू शेवटी म्हणतो, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला पुसू नका, रंगवू नका. आमच्याखाली जी पाठ वाकते, तिला जपा. मी इथेच, दवाखान्याच्या दारात बरा आहे. नानाजीला बाजारात जायला दुसरा रस्ता नाही.