रिकामी पोती

"रिकामं भांडं कुनाचं परत देऊ नको गो. कायच नसलं घरात तर मिठाचा खडा टाक."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी शेजारणीची वाटी परत करताना मंजुळाच्या कानात त्यांचा हा आवाज यायचाच. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात मात्र तिलाच त्याचा विसर पडला.

पोलादपुरातल्या विहारात धान्यपेढी चालू होती. मुंबईची कामं सुटून माणसं डोंगरातल्या वाड्यांवर परतलेली. मंजुळा आणि सुहास गुरुजी तांदूळ-डाळ भरून द्यायचे, चंदू टेम्पोतून आंबेनळीच्या वळणावर नेऊन ठेवायचा. पोती मिळेनाशी झाली, तेव्हा मंजुळानेच वरच्या वाडीला निरोप धाडला, "रिकामी पोती तेवढी परत पाठवा."

पोती आली, ती तोंडाला सुतळी बांधून, भाताने भरलेली.

सकाळची वंदना, पंचशील आटोपून ती विहारात आली, तर गुरुजींचा चेहरा फुललेला. "ताई, ज्या वाडीत आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तिथून दान आलंय! चंदू पोती घेऊन गिरणीवर गेला. हे एक टेम्पोत मावलं नाही."

मंजुळाने पोत्यात हात घातला. तळवा राखेने माखला. बोटांना निरगुडीचा वाळका पाला लागला.

"गुरुजी, खायच्या भाताला कुणी राख लावतं का? हे बियाणं आहे! पेरणी तोंडावर आलीय त्यांची."

"पण परत पाठवलं तर अपमान वाटेल त्यांना."

ती ऐकायला थांबली नाही. चौकात पोलिसाने काठी आडवी धरली. "भाताचं बियाणं भरडतायत हो," एवढंच ती म्हणाली. तोही शेतकऱ्याचाच असावा. काठी खाली आली.

गिरणीचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच येत होता.

"चंदू, बंद कर!" कधी आवाज न चढवणारी मंजुळा भर रस्त्यात ओरडली, पण त्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? गिरणीवाला श्रीपत दुसरं पोतं ओतायला उचलत होता. तिने त्या पोत्यालाच मिठी मारली.

"ओ ताई, हात जाईल ना!" श्रीपतने पट्टा थांबवला.

खाली पहिल्या पोत्याचे तांदूळ पडले होते. पांढरेशुभ्र. त्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने नाव होतं, मैना.

तिने तिथूनच वरच्या वाडीतल्या मैनेला फोन लावला.

"आवडलं नाय का गो आमचं?" मैनामावशी पलीकडून म्हणाली.

"मावशी, बियाणं का दिलंत?"

"दुसरं काय व्हतं? तुमच्याकडचं पानी बी घेतलं नाय आमी कधी. आता पोटाला घेतलं. मंग पोतं रिकामं कसं धाडू?"

न दिलेलं घेणार नाही, असं पंचशीलात मंजुळा रोज म्हणायची. हे तर दिलेलं होतं, तरी घेववत नव्हतं.

"परत नाही देत, मावशी. माझं म्हणून तुमच्याकडे पेरायला ठेवते. आवणीला, रोपं लावायला, मी स्वतः येते."

"तू? चिखलात वाकशील? कंबर धरंल, बाय माझे."

"धरू दे. पण... एक पोतं भरडून झालं."

"कुनाचं?"

"तुमचंच."

मंजुळाने खाली पडलेले तांदूळ त्याच पोत्यात भरायला घेतले.

"मंग माझा रोपांचा राब मोकळाच म्हनायचा," मावशी हळूच म्हणाली.

"बाकीच्या पोत्यांतून ओंजळ ओंजळ काढू. सगळ्यांना मी सांगते. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आवनीला नाय आलीस तर?"

"येते म्हटलं ना."

"मंग जेवायला माझ्या चुलीपाशी बसायचं. परकं नाय वाटून घ्यायचं."

पोती त्याच दिवशी वर गेली.

आषाढात निरोप आला, रोपं हाताला आली. मंजुळाने पहाटे दिवा लावला, वंदना केली. मैनेच्या पोत्यातले तांदूळ तिने तेव्हापासून वेगळे ठेवले होते, ते फडक्यात बांधले. वर मिठाचा खडा ठेवला. पावसासाठी डोक्यावर इरलं घेतलं, दार ओढून घेतलं आणि कुणाला हाक न मारता ती घाटाच्या रस्त्याला लागली.