टेपचे दुमडलेले टोक

वाचनालय आज बंद होते आणि नकाशे काढायला शिकवणाऱ्या संस्थेचा अर्ज पाच वाजेपर्यंतच स्वीकारला जाणार होता. म्हणून दुकानातून लॅपटॉपच्या आत बसवायचे वायफायचे एक जुने कार्ड आणून मी ताईचा लॅपटॉप टेबलावर पालथा घातला. सासरी जाताना ती तो मला देऊन गेली होती. "त्यात वायफाय नाही रे, जुनं खोड आहे ते," असे बाबांनी तेव्हाच सांगितले होते. त्यांचे आयुष्य वायरिंग करण्यात गेलेले. अशा बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ.

माझा फोन बटणांचा. त्यामुळे दोन वर्षे मी दर शनिवारी वाचनालयात, खिडकीशी अडखळत बोलून संगणक मागून, मेल पाहत आलो. गेल्या वर्षी याच संस्थेच्या मुलाखतीचे बोलावणे रविवारी आले, मुलाखत शुक्रवारी झाली, आणि मी ते वाचले शनिवारी. त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. आई गेल्यानंतर प्रथमच. तो स्पर्श मी वर्षभर जपून ठेवला होता.

तळाचे झाकण निघाले. आत कार्डाची जागा होती, रिकामी. शेजारी दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, टोकांना टेप गुंडाळून निजवलेल्या. टेपचे शेवटचे टोक दुमडलेले होते. पुढच्या माणसाला ती सोडवताना नखे लावावी लागू नयेत म्हणून बाबा नेहमी तसे करत. मलाही त्यांनीच शिकवले होते.

"झालं का, शास्त्रज्ञ?" बाबा चहा घेऊन दारात आले.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यातलं कार्ड कुठंय, बाबा?"

"टाकून दिलं." मग म्हणाले, "तू ताईसारखा धीट नाहीस. परक्या गावात तुझं कसं निभलं असतं?"

"माझं, की तुमचं?"

इतके उद्धट मी कधी बोललो नव्हतो. त्यांनी कप खाली ठेवला. "घर खायला उठतं रे," ते म्हणाले.

"मुलाखत हुकली तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

माझ्या पाठीवरची ती जागा एकाएकी गार पडली.

मी टेप सोडवली. ती सहज सुटली. इतकी सहज सुटावी याचाच मला राग आला. वायरी कार्डावर दाबून बसवल्या, झाकण लावले. पडद्यावर साऱ्या गल्लीतल्या वायफायची नावे एकाखाली एक उमटली. दोन वर्षे ती हवेत होतीच. शेजारच्या काकूंनी सकाळी लिहून दिलेला पासवर्ड घातला आणि अर्ज उघडला.

पत्रव्यवहाराच्या पत्त्यात मी ताईचे घर लिहिले. बाबा खुर्चीमागे उभे होते.

"घराचा नंबर चुकला," ते हळूच म्हणाले. "शेवटी सात आहे."

मी त्यांच्यासमोरच ताईला फोन लावला आणि आकडा विचारून घेतला. सातच होता. मी तो दुरुस्त केला आणि अर्ज पाठवला.