मातामंडळातून नाव कमी

चंद्रकलानं पोराला वजनाच्या झोळीत ठेवलं, तोच मंडळ चालवणाऱ्या सुमतीबाईंनी त्याला उचलून परत तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, तुमचं नाव आता मातामंडळात नाही, सोमवारच्या जादा बैठकीत कमी झालं. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. तिच्या नावावर रेघ मारून पुढे लिहिलं होतं, 'मुलास अफू देते.'

देते! बंद करून दीड महिना झाला होता.

आणि यात जगावेगळं काय होतं, तुम्हीच सांगा. गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत घरोघरी माग. नवरा मागावर बसला की बाईनं दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायच्या, आणि रडतं लेकरू मांडीवर घेऊन चरखा फिरत नाही. म्हणून सकाळी मोहरीएवढी अफू अंगावरच्या दुधात घासून चाटवायची, की पोर दुपार टळेपर्यंत गप्प. चंद्रकलाला हे शिकवलं शेजारच्या अंजनाबाईनं. पहिली गोळीसुद्धा तिच्याच डबीतली.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात मातामंडळ निघालं. धरमपेठेतून सुमतीबाई दर गुरुवारी दुपारी यायच्या, देवळाच्या ओसरीत बायांना बसवून लेकरांची वजनं घ्यायच्या, दुधाची पावडर द्यायच्या. एकदा त्यांनी विचारलं, अफू कोण कोण देतं? मोकळेपणानं सांगा, इथलं इथंच राहील. सगळ्या बाया खाली पाहू लागल्या. चंद्रकला भोळी, उठून उभी राहिली. देत होती, म्हणाली, आता सोडली. पण पोर रडून रडून निळं पडतं, दूध ओढत नाही, काय करू?

तिला उपाय पाहिजे होता. तो राहिला बाजूला, आता पावडरही बंद. महिन्याभरात पोराचं वजन पाव किलो उतरलं होतं, आणि यापुढे किती उतरतं हेही तिला कळणार नव्हतं. ती जागची हलली नाही.

"बाई, तुम्हीच म्हटलं होतं, इथलं इथंच राहीन."

सुमतीबाईंनाही ते लागलं. पण पुढच्या आठवड्यात वरून पाहणी होणार होती. शिवाय निर्णय त्यांच्या एकटीचा नव्हता, बायांनीच हात वर करून दिला होता.

"कोण्या बायांनी?"

"सगळ्यांनी. अंजनाबाईंनी सुचवलं."

चंद्रकलानं वळून अंजनाबाईकडे पाहिलं. बाळंतपणात हिनंच तिचं अंग रगडून दिलं होतं, हिच्याच चुलीवरचा काढा ती प्याली होती. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तिनं ओसरीतच तिच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली असती. अंजनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"पुन्हा हात वर करा," चंद्रकला शेवटी म्हणाली. "माह्यासमोर करा. मी सोडली हाय, खोटं नाही बोलून राहिली."

तेवढ्यात तिच्या पोरानं भोकाड पसरलं. पाय झाडू लागलं, मागं मान टाकून किंचाळू लागलं. कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. सुमतीबाई वैतागल्या.

"बघा, आता याला काय म्हणायचं? बाकीच्यांची मुलं किती शांत आहेत!"

खरंच शांत होती. दहा-बारा लेकरं, भर दुपारी, एवढ्या कालव्यात, आयांच्या मांडीवर झोपलेली. एकानंही कूस बदलली नव्हती.

चंद्रकलाला ते तेव्हाच दिसलं. ती रडत्या पोराला खांद्यावर टाकून अंजनाबाईसमोर जाऊन बसली. तिचा राग कुठं गेला, तिचं तिलाच कळलं नाही. आता तिला फक्त भीती वाटत होती.

"तुही पोरगी उठव वं, अंजनाबाई," ती हळूच म्हणाली. "एकडाव उठव. मंग मी चालली जातो."

अंजनाबाईनं पोरीच्या गालाला बोट लावलं. मग खांदा हलवला. मग जोरानं हलवला. पोरीचं डोकं एका बाजूला कललं, तशी तिनं घाईघाईनं छातीवर तळहात ठेवला. श्वास चालू होता. पोरगी मात्र उठली नाही.

एकेका बाईचा हात आपापल्या लेकराच्या छातीवर गेला.