ढोलीला पाय नसतात

"अहो, हे झाड आहे की छत्रीची काडी?" शिडी धरून उभी असलेली बायको ओरडली. "उतरा आधी खाली! तुमच्यासकट मोडेल ते."

सुतार चडफडत उतरला. जंगलखात्याच्या वर्कशॉपात पाखरांना घरटं करायला लाकडी पेट्या ठोकण्यात त्याचा उभा जन्म गेला, पण असा वैताग त्याला कधी आला नव्हता. खालचं जंगल जुनं, झाडं जाडजूड, ढोल्याच ढोल्या. पण तिथे आता उन्हाळा असा भाजून काढतो, की मागच्या विणीला निळ्या पाखरांची पिल्लं ढोलीतच होरपळली. म्हणून पाखरं गारव्याला वर सरकली, थेट डोंगराच्या माथ्याशी. आणि माथ्यावरची झाडं म्हणजे कालची पोरं! पूर्वी इथे थंडीने झाड जगतच नसे. आता उगवतायत खरी, पण त्यांना ढोली पडायला शंभर वर्षं हवीत. बिचाऱ्या पाखरांची इकडे आड, तिकडे विहीर.

साहेबांना सांगितलं, तर त्यांनीच कपाळाला हात लावला. "मलाही कळतंय हो. पाखराला पंख असतात, ढोलीला पाय नसतात. मी तरी काय करू?" मग सुतारानेच पेटी पाठीला बांधली आणि बायकोला शिडी उचलायला लावली.

पहिलं झाड खिळ्याने चिरलं होतं. आता हे दुसरं असं वाकलेलं.

"मरू दे!" त्याने हातोडी भिरकावली. "डोंगर संपला इथे. आता वर नुसतं आभाळ! त्यात ठोकू का खिळा?"

"माझ्यावर कशाला खेकसता? मी तापवला का डोंगर?"

"तू नाही, मी नाही, कुणीच नाही. मग तापला कसा?"

समोरच्या खडकावर निळी जोडी केव्हाची बसली होती. मादीच्या चोचीत गवताची काडी होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. ते बघून सुताराला आणखीच चीड आली. त्याने पेटी उचलली आणि जमिनीवरूनच तिसऱ्या झाडाला टेकवून धरली. दोरी कुठे आवळता येईल, ते तो बघत होता.

तेवढ्यात मादी भुर्रकन आली, पेटीच्या भोकात डोकावली आणि आत शिरली.

"अहो," बायको कुजबुजली, "हलू नका."

"अगं, अजून बांधलीच नाहीये! हात भरून आलेत माझे."

"ते तिला काय ठाऊक?"

मादी रिकाम्या चोचीने बाहेर आली, उडाली आणि दुसरी काडी घेऊन परतली. सुताराने पेटी तशीच धरून ठेवली. त्याला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून रागही येत होता.

बायको हळूच पुढे झाली आणि तिने पेटीखाली आपले दोन्ही हात लावले.