काशीरामांच्या घरचा कप

चहाला नाही म्हणायची सोय आपल्याकडे नाही, आणि मुलाच्या लग्नाच्या बोलणीला गेल्यावर तर नाहीच नाही. मुलीकडचा कप बाजूला सारला, की स्थळ नाकारलं असाच अर्थ लावतात. त्यातून अक्षताच्या वडिलांचं, काशीरामांचं, दहिसरला चहाचंच हॉटेल. तीस वर्षं जुनं.

"आई, एकच कप. प्लीज ना," सुयोग मुलुंडपासून घोकत होता.

एकच कप म्हणे! तेवढ्यानेच माझ्या छातीत धडधड सुरू होते. या शहाण्यानेच मला ग्रीन टीवर आणलं होतं, "त्यात काही नसतं गं" म्हणून. मी दिवसाला चार कप ढोसले आणि हात कापायला लागले. डॉक्टर हसले. "वनमालाबाई, झाड एकच. कॅफिन त्यातही असतं."

पण पोराचा जीव त्या मुलीत अडकलेला. काशीरामांनी स्वतः कप आणून दिला आणि मी निमूट प्यायले. फक्कड होता. पोहे संपेपर्यंत कपाळावर घाम आला, हातातली कपबशी खडखडायला लागली.

"चहा बिघडलो काय?" काशीरामांचा आवाज चढला.

"चहा झकास आहे हो. मलाच सोसत नाही," मी बोलून टाकलं. "चहापावडर घातलेलं काहीच सोसत नाही."

ते ताडकन उठून आत गेले. सुयोगचा चेहरा पडला. झालं, वाट लागली, पोराचं जमलेलं मीच मोडलं. मला रडूच यायला लागलं.

आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मग काशीराम दोन कप घेऊन बाहेर आले. गवती चहाची पात, आलं, गूळ. पावडरीचा कण नाही.

"घ्या. सात वर्सां झाली, मी पण ह्याच पितंय," ते खाली बघत म्हणाले. "माका पण सोसणा नाय."

अक्षता बघतच राहिली. "बाबा! हॉटेलात तर रोज कप असतो तुमच्या हातात!"

"हातात असता गो. पोटात जाणा नाय."

मग माझ्याकडे वाकून ते हळूच म्हणाले, "गिऱ्हायकांक कळाक नको हां, विहीणबाई."

विहीणबाई! सुयोगने माझा हात घट्ट धरला. मी दुसऱ्या हाताने कप उचलला आणि तळापर्यंत प्यायले.